जे दिसत नाही, ते खालच्या खात्यात जमा होतं

कोबाल्ट-६० चा गॅमा वर्णपट भौतिकशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी पडद्यावर हळूहळू उभा राहताना पाहिलेला असतो. आधी नुसते विखुरलेले ठिपके, मग डावीकडे कॉम्प्टनचा पसरट भाग (ऊर्जेचा काही भागच सोडून निसटलेल्या गॅमांचा), आणि त्यातून वर चढत जाणारी दोन सुबक शिखरं: ११७३ आणि १३३२ केईव्ही (केईव्ही हे ऊर्जेचं एकक). वहीत दोन आकडे जातात, प्रयोग संपतो. पण स्रोत डिटेक्टरच्या अगदी तोंडाशी ठेवला आणि मोजणी आणखी थोडा वेळ चालू दिली, तर पार उजवीकडे, जिथे रिकामी रेघ असायला हवी तिथे, २५०५ च्या आसपास एक बारीक उंचवटा येतो. ऱ्हासानंतर कोबाल्टचं जे निकेल-६० बनतं, त्यातून त्या ऊर्जेचा एकच गॅमा निघण्याचं प्रमाण इतकं नगण्य आहे की ते धरायचंही कारण नाही. तरी शिखर आहे, आणि स्रोत मागे सरकवला की ते विरून जातं.

याचं उत्तर प्रयोगशाळेत एका वाक्यात मिळतं. दोन्ही गॅमा एकदमच आत शिरले, डिटेक्टरने त्यांची बेरीज केली, अंतर वाढवा. उत्तर बरोबर आहे, तरी ते पुरेसं वाटत नाही. कारण कोबाल्टच्या बीटा ऱ्हासाबद्दलचा खरा प्रश्न एवढाच असतो की इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो निघून गेले तेव्हा मागे उरलेलं निकेलचं केंद्रक किती उंचीवर, म्हणजे किती ऊर्जेच्या पातळीवर, होतं. ११७३ हा त्या प्रश्नाचा अर्धा तुकडा, १३३२ हा दुसरा. पूर्ण उत्तर २५०५ आहे. ज्या उंचवट्याला आपण मोजणीतला दोष समजून घालवतो, त्याच्यावरच ते लिहिलेलं असतं.

बीटा कणालाच, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनलाच, का विचारू नये? कारण तो सांगत नाही. जेम्स चॅडविकने १९१४ मध्ये दाखवलं की बीटा कणांची ऊर्जा ठरावीक नसते, शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत सलग पसरलेली असते. १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी बिस्मथ-२१० उष्णतामापीत बंद करून ऱ्हासामागे किती उष्णता निघते ते मोजलं. कमाल ऊर्जा १ एमईव्हीच्या (हजार केईव्हीच्या) वर, आणि हाती लागली सुमारे ०.३५. उरलेली ऊर्जा घेऊन जाणाऱ्या कणाची कल्पना पाउलीने १९३० मध्ये मांडली, तो कण पुढे न्यूट्रिनो म्हणून ओळखला गेला. या वाटणीमुळे एकट्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवरून केंद्रक कुठल्या पातळीवर उतरलं हे ओळखता येत नाही. दहा-वीस पातळ्यांवर ऱ्हास होत असेल तर दहा-वीस सलग वक्र एकमेकांवर पडतात आणि वेगळे करता येत नाहीत. म्हणून सगळा भार उत्तेजित अवस्थांवर येतो. बीटा गेला तरी पातळी मागे राहते, आणि ती पातळी पिकोसेकंदाच्या आसपास गॅमा टाकत खाली येते. त्या गॅमांवरून उलट मागे जायचं.

मागे जाण्याची रीत जमाखर्चाची आहे. प्रत्येक पातळीतून बाहेर पडणाऱ्या गॅमांची तीव्रता हा तिचा खर्च. वरच्या पातळ्यांमधून तिच्यात येणाऱ्या गॅमांची तीव्रता ही तिची माहीत असलेली जमा. खर्च जमेपेक्षा जास्त निघाला, तर तो फरक बीटा ऱ्हासाने थेट भरलेला असतो. हा वाटा, अर्धायुष्य आणि उपलब्ध ऊर्जा एवढं हातात आलं की त्या संक्रमणाचं एफटी मूल्य निघतं, आणि एफटी म्हणजे ऊर्जेचा फायदा-तोटा बाजूला काढल्यावर उरणारं केंद्रकाचं स्वतःचं म्हणणं. ऊर्जेचा प्रभाव प्रचंड असतो, साधारण पाचव्या घाताने. म्हणून वरच्या पातळीकडे जाणारा १ टक्का वाटा खालच्या पातळीकडच्या ५० टक्क्यांपेक्षा कितीतरी जोरकस संक्रमण दाखवत असू शकतो. एफटीचा लॉग घेतला की अतिअनुमत, म्हणजे सगळ्यात सहज घडणारी, संक्रमणं साडेतीनच्या आसपास बसतात, अनुमत संक्रमणं बहुधा चार ते सहा-सातमध्ये, निषिद्ध त्याच्या वर. टिन-१०० च्या ऱ्हासात जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेत २.६२ हे मूल्य मिळालं, २०१२ मध्ये. इतकं लहान मूल्य तोवर कुठल्याच केंद्रकात दिसलं नव्हतं.

जर्मेनियम डिटेक्टर हे या हिशोबाचं आवडतं साधन. स्फटिक द्रव नायट्रोजनने थंड ठेवायचा, कारण जर्मेनियममधली ऊर्जेची दरी इतकी अरुंद की खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेनेच विद्युतप्रवाह गळू लागतो. टाकी भरताना नळीच्या तोंडाशी पांढरी वाफ जमिनीवर लोळते, आणि भरायचं राहून गेलं तर डिटेक्टर गरम होत जातो, व्होल्टेज आपोआप तुटतं, मोजणी वाया जाते. या सगळ्या सोपस्काराच्या बदल्यात १३३२ केईव्हीला जेमतेम २ केईव्ही रुंदीचं शिखर मिळतं. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाच्या डिटेक्टरमध्ये तेच शिखर सत्तर-ऐंशी केईव्ही पसरतं. ज्याने जर्मेनियमचा वर्णपट पाहिला त्याला परत मागे जावंसं वाटत नाही, आणि इथेच घोळाची सुरुवात आहे.

कारण बारकाईची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते. ज्याला '१०० टक्के' म्हणतात तो जर्मेनियम डिटेक्टरही २५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या स्रोताच्या १३३२ केईव्हीच्या दर हजार गॅमांपैकी फक्त १.२ पूर्ण पकडतो. १०० टक्के ही तुलना तीन इंची सोडियम आयोडाइडशी आहे. त्याच अंतरावर दोन डिटेक्टर समोरासमोर ठेवून एका साखळीतले दोन्ही गॅमा एकत्र पकडायचे म्हटलं तर हे प्रमाण दहा लाखांत दीड होतं. ऊर्जा वाढेल तशी कार्यक्षमता आणखी घसरते. युरोपियम-१५२ ने १२२ पासून १४०८ केईव्हीपर्यंत अंशांकन सुरेख होतं, पण त्यापुढे कोबाल्ट-५६ नाहीतर सोडियम-२४ लागतं. ते हाताशी नसलं की लोक वक्र नुसता पुढे ओढतात, आणि ४-५ एमईव्हीला त्या ओढलेल्या रेषेवर किती विश्वास ठेवला हे शोधनिबंधात कुठे दिसत नाही.

स्रोत जवळ नेला तर कार्यक्षमता वाढते, पण बेरजेचा त्रास सुरू होतो. इथे दोन बेरजा वेगळ्या ओळखाव्या लागतात. एकाच ऱ्हासातल्या दोन गॅमांची खरी बेरीज स्रोताच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, फक्त अंतरावर असते. दोन वेगळ्या ऱ्हासांतले गॅमा योगायोगाने एकत्र आले तर ती गर्दीची बेरीज, आणि ती दराच्या वर्गाने वाढते. कार्बन-१० चं उदाहरण पाहिलं की हा फरक किती महाग पडतो ते कळतं. त्याचा जवळजवळ सगळा ऱ्हास बोरॉन-१० च्या ७१८ केईव्हीच्या पातळीवर जातो. हवी असलेली अतिअनुमत शाखा, १७४० केईव्हीच्या पातळीकडे जाणारी, जेमतेम दीड टक्का आहे, आणि ती मोजायची खूण म्हणजे १०२२ केईव्हीचा गॅमा. कार्बन-१० पॉझिट्रॉन टाकतो, म्हणजे प्रत्येक ऱ्हासामागे ५११ चे दोन फोटॉन आलेच. त्यांची बेरीज १०२२. शोधायचं शिखर आणि खोटं शिखर एकाच जागी. दर कमी ठेवायचा, वेगवेगळ्या दरांनी मोजून शून्य दरापर्यंतचा कल काढायचा, अंतर वाढवायचं, आणि तरीही शेवटच्या दशांशासाठी भांडत राहायचं. या शाखेवरून दुर्बल बलाच्या सदिश भागाची कसोटी लागते, म्हणून तो दशांश सोडूनही देता येत नाही.

तरी कार्बन-१० हे सभ्य केंद्रक आहे. पातळ्या मोजक्या, प्रत्येकीचा गॅमा ठळक. मध्यम आणि जड वजनाच्या, न्यूट्रॉनने फुगलेल्या केंद्रकांत तसं नसतं. तिथे ऱ्हासाला ५, ७, ८ एमईव्ही ऊर्जा उपलब्ध असते, आणि त्या उंचीवर पातळ्यांची दाटी इतकी की दोन पातळ्यांमधलं अंतर डिटेक्टरच्या रुंदीपेक्षाही कमी भरतं. तिथे पोचलेला बीटाचा वाटा शेकडो पातळ्यांत विभागला जातो, प्रत्येक पातळी खाली येण्यासाठी अनेक वाटा निवडते, आणि शेवटी हजारो गॅमा तयार होतात ज्यांपैकी एकाचंही शिखर पार्श्वभूमीच्या वर डोकं काढत नाही. खोलीतल्या पोटॅशियमचं १४६१ दिसतं, थोरियम मालिकेचं २६१४ दिसतं, विलंबित न्यूट्रॉन (बीटा ऱ्हासानंतर केंद्रकातून सुटणारे) जर्मेनियमवर आपटून झालेले ५९६ आणि ६९३ चे तिरपे उंचवटे दिसतात. हवे असलेले गॅमा मात्र सलग चढावात मुरून जातात.

नुसते गॅमा हरवले असते तर हिशोबात भोक राहिलं असतं, आणि भोक दिसतं. इथे तसं होत नाही. खालच्या पातळीचा खर्च ठळक असतो, तो बरोबर मोजला जातो. तिच्यात वरून येणारी जमा हरवलेली असते. मग खर्च आणि जमा यांच्यातला फरक फुगतो, आणि तो सगळा बीटाच्या नावावर पडतो. वर झालेला ऱ्हास खाली झाला असं लिहिलं जातं. बेरीज पुन्हा १०० टक्केच भरते, तक्ता स्वच्छ दिसतो, आकड्यांपुढच्या त्रुटीच्या मर्यादाही छोट्या असतात. मला या क्षेत्रातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते: ही चूक नेहमी एकाच दिशेने जाते, आणि चांगला डिटेक्टर ती लपवून ठेवायला मदत करतो.

हार्डी, काराझ, यॉन्सन आणि हॅन्सन या चौघांनी १९७७ मध्ये हे दाखवण्यासाठी एक केंद्रक संगणकात बनवलं, कारण खऱ्या केंद्रकाचं खरं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. पातळ्या यादृच्छिकपणे रचल्या, ऱ्हास घडवला, गॅमा काढले, मग तो कृत्रिम वर्णपट नेहमीच्या पद्धतीने वाचला. वाचून काढलेली योजना आणि आत भरलेली योजना जुळली नाही. त्या केंद्रकाला त्यांनी पँडेमोनियम हे नाव दिलं, आणि आता या दोषालाच ते चिकटलं आहे.

उपाय २५०५ च्या उंचवट्यातच आहे. बेरीज टाळायची नाही, बेरीजच मोजायची. स्रोत एखाद्या अवाढव्य स्फटिकाच्या पोटात ठेवायचा आणि साखळीतले सगळे गॅमा त्यानेच गिळावेत असं करायचं. मग एकेका गॅमाची ऊर्जा कळली नाही तरी चालते. बेरीज म्हणजे थेट पातळीची उंची. याला टोटल ॲब्सॉर्प्शन म्हणतात. पहिले प्रयत्न १९७० च्या सुमारास सर्न या युरोपीय संशोधनकेंद्रातल्या आयसोल्ड प्रयोगशाळेत झाले, पण तेव्हाचे स्फटिक लहान होते. २ ते ५ एमईव्हीच्या गॅमाला सोडियम आयोडाइडमध्ये पहिल्या धडकेपर्यंत सरासरी सात-आठ सेंटिमीटर जावं लागतं, म्हणजे चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर जाडी असली तरी दहातला एखादा गॅमा धडक न देताच निसटतो. आजचे स्फटिक त्या हिशोबाने बांधलेले आहेत. आयसोल्डच्या ल्युक्रेसिया डिटेक्टरचा एकसंध दंडगोल ३८ सेंटिमीटर व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या एमटास डिटेक्टरमध्ये १९ षटकोनी स्फटिक असून त्यांचं वजन टनाच्या घरात जातं.

वर्णपट पाहून मात्र निराशाच होते. जर्मेनियमची टोकदार रेघ इथे नाही, नुसत्या मऊ टेकड्या. सगळं काम त्या टेकड्यांच्या खाली असतं.

आधी नमुना शुद्ध हवा. विखंडनातून एकाच वस्तुमानांकाचे अनेक सोबती निघतात आणि सगळं गिळणारा स्फटिक त्यांनाही गिळतो. म्हणून फिनलंडमध्ये यिवास्किलाला आयन आधी पेनिंग सापळ्यात (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी आयन धरून ठेवणाऱ्या) घालून वस्तुमानाच्या बारीक फरकावर निवडतात. मग आयन चुंबकीय फितीवर रोवायचे, फीत पुढे सरकवून तो ठिपका स्फटिकाच्या मध्यभागी आणायचा, काही अर्धायुष्यं मोजायचं, पुन्हा फीत सरकवायची. रुबिडियम-९२ चं अर्धायुष्य साडेचार सेकंद, त्याच्या अपत्याचं, स्ट्रॉन्शियम-९२ चं, पावणेतीन तासांच्या आसपास. फीत वेळेवर हलली तर अपत्याचा त्रास नगण्य राहतो. अपत्याचं अर्धायुष्य आईइतकंच असेल तर ते वेगळं मोजून वजा करावं लागतं. मोजणीचा वेग फार ठेवायचा नाही, कारण गर्दीची बेरीज इथे थेट वरच्या पातळ्यांच्या जागी जाऊन बसते आणि तिथे नसलेला ऱ्हास उभा करते. फोटोमल्टिप्लायरचा (स्फटिकातल्या प्रकाशाचा विजेचा संकेत बनवणाऱ्या नळीचा) वर्धनांक खोलीच्या तापमानाबरोबर हलतो, म्हणून १४६१ आणि २६१४ च्या रेघांवर सतत नजर ठेवायची. एरवी शिव्या खाणारी पार्श्वभूमी इथे उपयोगी पडते.

पार्श्वभूमी घालवण्यासाठी बीटाची साक्ष घेतात: आत सिलिकॉनची पातळ चकती, तिच्यात संकेत आला तरच स्फटिक वाचायचा. पण वरच्या टोकाच्या पातळ्यांना जाणाऱ्या बीटाला ऊर्जाच थोडी उरते, तो चकतीच्या उंबरठ्याखाली राहतो, आणि नेमक्या ज्या पातळ्यांसाठी हा खटाटोप केला त्याच पुन्हा कमी मोजल्या जातात. ती दुरुस्ती पातळीगणिक करावी लागते. उलट जास्त ऊर्जेचे बीटा स्फटिकात घुसून स्वतःची ऊर्जा बेरजेत मिसळतात. विलंबित न्यूट्रॉन आयोडीनमध्ये शोषले जाऊन ६.८ एमईव्हीच्या आसपास स्वतःचा डोंगर उभा करतात. सोडियम आयोडाइडचा प्रकाश ऊर्जेच्या अगदी प्रमाणात नसतो, त्यामुळे १ एमईव्हीचे तीन गॅमा आणि ३ एमईव्हीचा एक गॅमा यांची शिखरं तंतोतंत एका जागी पडत नाहीत. मधली एखादी पातळी काही मायक्रोसेकंद टिकणारी निघाली तर साखळी तुटते आणि बेरीज अर्धीच होते. शून्य फिरकीच्या एका पातळीतून दुसऱ्या तशाच पातळीत उतरताना एकटा गॅमा निघूच शकत नाही. तिथे इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि तो स्फटिकापर्यंत पोचेल याची खात्री नसते.

हे सगळं आवरल्यावर उलटा प्रश्न सोडवायचा. मोजलेला वर्णपट म्हणजे प्रत्येक पातळीचा प्रतिसाद गुणिले तिचा वाटा, यांची बेरीज. प्रतिसाद जीअँट-४ सारख्या संगणकीय अनुकरणातून काढतात आणि वाटे पुनरावृत्तीने जुळवत नेतात. प्रतिसाद काढायला ती पातळी कुठल्या वाटांनी खाली येते हे माहीत असावं लागतं. खालच्या पातळ्यांसाठी ती माहिती जर्मेनियमकडूनच येते. वर ती नसते, तिथे पातळ्यांची घनता आणि गॅमा निघण्याची शक्यता यांची सरासरी प्रतिमानं वापरतात. म्हणून टोटल ॲब्सॉर्प्शनने जर्मेनियमला मोडीत काढलं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जर्मेनियमला खाली उतरण्याच्या वाटा दिसतात पण उंची हरवते, टोटल ॲब्सॉर्प्शनला उंची दिसते पण त्या वाटा दिसत नाहीत. म्हणूनच बरेच नवे डिटेक्टर तुकड्यांत बांधतात. बेरीजही मिळते, आणि एका ऱ्हासात किती तुकडे उजळले यावरून साखळी किती लांब होती तेही तपासता येतं.

या फरकाचं वजन अणुभट्टीत कळतं. भट्टी बंद केल्याच्या क्षणीही विखंडनाच्या अवशेषांचा ऱ्हास मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता देत असतो, काही तासांनीही टक्काभर. या उष्णतेचा बीटा भाग इंधनातच मुरतो, गॅमा भाग दूरवर जातो, त्यामुळे दोन्ही वेगळे माहीत हवेत. पँडेमोनियमचा दोष बीटाची सरासरी ऊर्जा फुगवतो आणि गॅमाची कमी दाखवतो. प्लुटोनियम-२३९ च्या विखंडनानंतर ३०० ते ३००० सेकंदांच्या टप्प्यात गॅमाची गणलेली उष्णता मोजलेल्यापेक्षा कमी भरत होती, आणि बरीच वर्षं तिचा पत्ता लागत नव्हता. २०१० मध्ये यिवास्किलाच्या मोजणीत टेक्नेशियमचे १०२, १०४, १०५, १०६ आणि १०७, मॉलिब्डेनम-१०५ आणि निओबियम-१०१ असे सात समस्थानिक पुन्हा वाचले गेले. त्यांपैकी पाचांची गॅमा ऊर्जा लक्षणीय वाढली आणि ती तूट बरीचशी भरून निघाली. मोठी गूढ प्रक्रिया नव्हती, खात्याची दुरुस्ती होती.

प्रतिन्यूट्रिनोंच्या बाबतीत उलट्या दिशेचंही एक उदाहरण आहे. भट्टीतून येणाऱ्या सगळ्यात ऊर्जावान प्रतिन्यूट्रिनोंमध्ये रुबिडियम-९२ चा वाटा मोठा. त्याचा थेट मूळ अवस्थेकडचा (सगळ्यात खालच्या पातळीकडचा) ऱ्हास जुन्या तक्त्यात ५१ टक्के होता, नंतरच्या मूल्यमापनात ९५ झाला, आणि टोटल ॲब्सॉर्प्शनने २०१५ मध्ये ८७.५ दिला. मूळ अवस्थेकडे गेलेला ऱ्हास गॅमा टाकतच नाही, म्हणजे गॅमांच्या हिशोबात तो वजाबाकीने उरलेला आकडा असतो, आणि वजाबाकी वरच्या सगळ्या चुका गोळा करते. एका केंद्रकाचा एक आकडा इतका हलत असेल, तर भट्ट्यांजवळ मोजलेले प्रतिन्यूट्रिनो गणितापेक्षा सहा टक्के कमी भरले एवढ्यावरून नव्या कणाची घोषणा करण्याआधी तक्ते तपासावेत असं म्हणणाऱ्यांची बाजू मला पहिल्यापासून बळकट वाटते.

आणखी एक मर्यादा आहे जी कुठल्याही डिटेक्टरने ओलांडता येत नाही. ऱ्हास उपलब्ध ऊर्जेच्या वर जाऊ शकत नाही, पण केंद्रकाच्या बीटा संक्रमणांची ताकद बरीचशी त्या वरच असते. तिथे पोचायला बाहेरून ऊर्जा द्यावी लागते. ओसाकामध्ये हेलियम-३ चा झोत दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) १४० एमईव्हीने लक्ष्यावर सोडतात आणि शून्य अंशात बाहेर येणारे ट्रिटॉन (हायड्रोजन-३ ची केंद्रकं) चुंबकीय वर्णपटमापीत मोजतात. लक्ष्यातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन झालेला असतो, बीटा ऱ्हासासारखंच, फक्त ऊर्जेची कमाल मर्यादा नाही. या अभिक्रियेची संभाव्यता गॅमो-टेलर ताकदीच्या (फिरकी पलटवणाऱ्या बीटा संक्रमणांच्या ताकदीच्या) प्रमाणात असते, पण तो प्रमाणांक ठरवायला एखाद्या पातळीचा बीटा ऱ्हासातून काढलेला वाटाच लागतो. म्हणजे इथेही हिशोब पुन्हा त्याच खात्यांपाशी येतो. १९८० च्या दशकात अशा प्रयोगांत, न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच्या संख्येतल्या फरकाच्या तिप्पट जी ताकद किमान मिळायला हवी, तिच्या साठेक टक्केच मिळाली. हरवलेला बराच भाग नंतर ५० एमईव्हीपर्यंतच्या पसरट शेपटीत सापडला, आणि ऱ्हासांचा वेग गणितापेक्षा कमी का पडतो याचा मोठा हिस्सा २०१९ मधल्या गणनेने न्यूक्लिऑनांच्या परस्पर गुंतवणुकीतून आणि दोन-दोन न्यूक्लिऑनांच्या एकत्र सहभागातून समजावला.

सध्या सगळ्यात लक्ष वेधून घेणारी मोजणी न्यूट्रॉन सुटण्याच्या उंबरठ्यावरच्या पातळ्यांची आहे. तिथे पोचलेलं केंद्रक न्यूट्रॉन फेकतं, गॅमाला संधीच मिळत नाही, असं धरून चालायची पद्धत होती. २०१५ मध्ये ब्रोमिन-८७, ब्रोमिन-८८ आणि रुबिडियम-९४ च्या टोटल ॲब्सॉर्प्शन मोजणीत उंबरठ्याच्या वरूनही गॅमा येताना दिसले. ब्रोमिनच्या बाबतीत न्यूट्रॉनला कोनीय संवेग अडवतो असं म्हणता येतं. रुबिडियम-९४ मध्ये गॅमाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा दहापट किंवा अधिक निघालं. हेच प्रमाण उलट वाचलं की न्यूट्रॉन शोषणाचा वेग मिळतो, आणि ताऱ्यांच्या स्फोटात जड मूलद्रव्यं कशी तयार होतात याच्या गणनेत तो वेग घालावा लागतो. त्या स्फोटांत तयार होणाऱ्या केंद्रकांचं लक्ष्य बनवून त्यांच्यावर न्यूट्रॉन सोडणं शक्य नाही, ती फार थोडा वेळ टिकतात.